पूर्तता प्रतीक्षेत

सर्व्हिसिंगहून गाडी घरी आली की लोक ती धुतली आहे का ते बघतात. आमच्या सोसायटीतले नाना स्टिअरिंगखाली डोकं घालतात. सत्तरीचा माणूस, गुडघ्याला पट्टा, धड गाडीत आणि पाय पार्किंगमध्ये. नवीन वॉचमनने पहिल्यांदा हे दृश्य पाहिलं तेव्हा तो पाण्याची बाटली घेऊन धावला होता. नाना आतूनच ओरडले, "पाणी नको, टॉर्च आण!"

तिथे खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. गाड्या सगळ्यांच्या आहेत, पण ते सॉकेट आम्हा कोणाला माहीत नव्हतं. नाना त्यात काडेपेटीएवढा एक ठोकळा खुपसतात, मोबाइल पुढे धरतात आणि गाडीची जबानी सुरू होते. ठोकळा मुलाने सनीव्हेलहून पाठवला. तिकडे कॅलिफोर्नियात स्मॉग टेस्टला गाडीच्या कॉम्प्युटरलाच तार जोडून विचारतात. आपला पीयूसीवाला मागच्या नळीत दांडा घालतो आणि नंबर प्लेटचा फोटो काढतो. हा फरक नानांना फार लागला आहे.

नानांची उभी हयात सरकारी लेखापरीक्षणात गेली. ते येणार म्हटलं की पंचायत समितीतल्या लोकांची पोटं बिघडत, असं ते स्वतःच अभिमानाने सांगतात. निवृत्त झाल्यावर काही वर्षं त्यांनी सोसायटीचे हिशोब तपासले. तीन खजिनदारांनी राजीनामे दिल्यावर सभेने त्यांचा सत्कार करून तो विषय संपवला. मग हा ठोकळा आला. त्यातून निघणारे कोड बघून नानांना माहेरी आल्यासारखं झालं. "अरे, ही तर लेखाशीर्षं आहेत!" पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं मुख्य शीर्ष. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर कंपनीचं खासगी प्रकरण. त्यापुढचा एक म्हणजे हवा-इंधन खातं. बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी, यू म्हणजे कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं बंद. नाना हे वाचायला लागले की समोरच्याला आपली पेन्शन अडकल्यासारखं वाटतं.

यंदाच्या मे महिन्यात गाडी नेहमीच्या सर्व्हिसिंगला गेली. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एवढंच. परत आली ती चेक इंजिनचा पिवळा दिवा लावूनच. कोड निघाला पी ०११३. चार-पाच दिवसांत दिवा आपोआप विझला, पण कोड आत तसाच. आपण असतो तर दिवा विझला त्या दिवशी विसरलो असतो. नाना मला साक्षीदार म्हणून घेऊन वर्कशॉपवर गेले.

"माझ्या गाडीत उणे ४० अंशांची हवा शिरली," नाना काउंटरवरच्या मुलाला म्हणाले. "कोथरूडमध्ये. मे महिन्यात."

मुलाने विचार केला. "एसी जास्त झाला असेल, काका."

इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा एक सेन्सर असतो. त्याचा कनेक्टर निघाला की सर्किट तुटतं, आणि बिचारा कॉम्प्युटर त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लावतो. कोड पडतो त्या क्षणाचे आकडेही तो गोठवून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. नाना पंचनामा म्हणतात. पंचनाम्यात लिहिलं होतं: इंजिनचे फेरे ७८०, वेग शून्य, कूलंट ६१ अंश.

"म्हणजे गाडी उभी, इंजिन चालू, आणि तशात तुमच्या माणसाने फिल्टरचा डबा काढताना हा कनेक्टर उपटला. नंतर लावला. खरं की नाही?"

मागे पान्हा घेऊन उभा असलेला एक पोऱ्या हळूच जॅकपलीकडे गेला.

"काका, आता दिवा नाही ना? क्लिअर मारून देतो. दोन सेकंदांचं काम."

हे त्याने बोलायला नको होतं. क्लिअर मारलं की नुसता कोड जात नाही. पंचनामा जातो, आणि गाडीने स्वतःच्या घेतलेल्या सगळ्या चाचण्यांचे निकालही कोरे होतात. "आक्षेप खोडरबराने पुसतात का?" नानांचा आवाज चढला. "पूर्तता करायची असते! गाडीची खात्री पटली की गाडीच वगळेल!"

आणि गाडी खरंच वगळते. दोष पुन्हा दिसला नाही तर दिवा तीन फेऱ्यांनंतर विझतो, पण कोड मिटायला ४० वॉर्म-अप लागतात. वॉर्म-अपचेही नियम आहेत. कूलंट सुरुवातीपेक्षा किमान २२ अंशांनी वर चढायला हवं आणि ७० अंशांपर्यंत पोचायला हवं. म्हणजे कोपऱ्यावरच्या डेअरीत गाडीने जाऊन उपयोग नाही. (तिथे गाडीने जाऊच नये, हे काकूंचं मत, ते कोणी विचारलं नव्हतं.) तेव्हापासून नानांच्या घरी दूध बावधनहून येतं, कोथिंबीर वारज्याहून आणि इस्त्रीचे कपडे कर्वेनगरहून. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर एकादशीच्या शेजारी पेन्सिलीने 'वॉ. ११' लिहिलेलं असे. एकदा काकूंनी मैत्रिणीकडे जायला सकाळी गाडी नेली. परत आल्यावर नाना निघाले, तर इंजिन गरमच. "गरमागरम इंजिनावरून २२ अंश कुठून चढवू मी?" त्या दिवशी दोघांचं बोलणं बंद होतं. काकूंनी त्याला यू कोड म्हटलं, असं मला नंतर कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात बायको काय काय शिकते.

ठोकळा नाना काढत नसत. रोज वाकायला गुडघा परवानगी देत नव्हता. रात्री पार्किंगमध्ये गेलं की त्यांच्या गाडीत एक बारीक लाल दिवा देवघरातल्यासारखा मिणमिणताना दिसे.

'वॉ. ३४' झालं आणि नाशिकचं लग्न आलं. नाना-काकू ट्रॅव्हल्सने गेले, आठ दिवसांनी परतले. किल्ली फिरवली तर नुसतं टक टक टक. ठोकळ्याने आठ दिवस बसून बॅटरी प्यायली होती. तीन वर्षांची बॅटरी, तशीही थकलेली. नाना आंघोळीला गेले होते तेवढ्यात काकूंनी फोन करून माणूस बोलावला. त्याने दहा मिनिटांत नवी बसवली, जुनी घेऊन गेलासुद्धा. एवढं चटपट काम त्या घरात पहिल्यांदाच झालं होतं.

नाना ओल्या केसांनी खाली आले. वाकले. मोबाइलकडे बघत बराच वेळ तसेच राहिले.

"काय झालं नाना? पुन्हा कोड?"

"एकही नाही," नाना म्हणाले. त्या जुन्या गाडीच्या कॉम्प्युटरची आठवण बॅटरीवर चालत होती. पी ०११३ नाही, पंचनामा नाही, चाचण्यांचे निकाल नाहीत. चौतीस वेळा आणलेलं दूध हिशोबात कुठेच नाही. "रेकॉर्ड रूम जळाली रे."

मी पेढे मागायच्या बेतात होतो, पण चेहरा बघून गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गॅलरीत चहा घेत होतो. खाली नानांच्या गाडीचं बॉनेट उघडं, इंजिन चालू. नानांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. मग हात आत घालून करड्या रंगाचा तो छोटा कनेक्टर उपटला, आणि तो तसाच लोंबता ठेवून आत मोबाइलवर काही दिसतंय का ते बघायला गेले.

मी स्लिपर घालून खाली धावलो. "नाना! अहो, हे काय करताय?"

ते दचकले, पण क्षणभरच. मग सरकारी शांतपणाने म्हणाले, "मूळ कागद गहाळ झाला तर दुय्यम प्रत काढतात. नियमात आहे."

त्यांनी कनेक्टर नीट जागेवर लावला, तो टक् वाजेपर्यंत दाबला आणि बॉनेट बंद केलं. शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढून टोक बघितलं.

"येतोस का? दूध आणायचंय."