बिडीचे परीक्षक

गोंदिया जिल्ह्यात धान आहे, तळी आहेत, नवेगावबांध आणि नागझिऱ्याचं जंगल आहे, आणि दर गावात एक तरी बिडीचे परीक्षक आहेत. सरकारी माहितीपुस्तिकेत यातलं शेवटचं तेवढं राहून गेलं आहे.

हे परीक्षक बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी असतात. गुरुजी बिडी ओढत नाहीत, तपासतात. दिवसभरात दीड कट्टा तपासून होतो. पूर्वी हे काम चौकातल्या पानठेल्याच्या बाकावर चाले. 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली, तेव्हा नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने कायदा मोडणं बरं नव्हे म्हणून गुरुजींनी परीक्षा केंद्र घरच्या ओसरीवर हलवलं. बाकावरची मंडळीही मागोमाग आली, कारण तिथे चहा फुकट.

दिवेलागणीला कामकाज सुरू होतं. कट्टा हातात घेताना गुरुजींचा अंगठा वेष्टनावरच्या त्या भयानक चित्रावर बरोबर बसतो, इतक्या वर्षांच्या सवयीने चित्र त्यांना दिसतच नाही. वरची बिडी ते घेत नाहीत. "वरच्या मांडून ठेवल्या असतात गा," म्हणत मधली उपसतात आणि कानाशी धरून दोन बोटांत फिरवतात. पान कुरकुरलं तर सुकं, गप्प राहिलं तर सादळलेलं. मग उजेडात धरून पानाच्या शिरा. तेंदूचं पान कोवळं हवं, शिर बारीक हवी. उन्हाळ्यात तोडणीचा हंगाम येतो तेव्हा पहाटे जंगलात शिरणाऱ्या बायाबापड्या वाघाचा कानोसा घेत पानं तोडतात आणि दुपारी पुडे बांधून फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या ठिकाणी, मोजून देतात. गुरुजी घरी बसून त्या पानांत खोट काढतात.

शेवटी वास. डोळे मिटून जाहीर करतात, "निपाणीचा माल नाही. गुजरात आहे हा, चरोतरचा." हे आजवर कोणी पडताळून पाहिलेलं नाही, त्यामुळे गुरुजी आजवर चुकलेले नाहीत.

लायटरला ओसरीवर प्रवेश नाही. माचिसची काडी ओढायची, गुल जळून जाऊ द्यायचा, मग बिडी पेटवायची. पहिला झुरका फुकट, दुसरा नाकासाठी, तिसऱ्यावर निकाल. पानाला पंचवीस, तंबाखूला पंचवीस, बांधणीला वीस, दोऱ्याला पाच. उरलेले पंचवीस टिकावाला, आणि इथेच सगळ्या बिड्या गळतात.

कारण तेंदूचं पान आपणहून जळत नाही. झुरके घेत राहिलं तरच बिडी जिवंत राहते. गुरुजींना तर बोलायचं असतं. जबलपूरच्या छोट्या लाइनच्या गाडीत गर्दी किती असायची इथून ते निघतात, 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्या दिवसापर्यंत पोचेतो बिडी विझलेली असते. "काहून इझते गा हे?" ते बिडीलाच विचारतात आणि पाच मार्क कापतात. एका बिडीला पाच-सहा काड्या सहज जातात. त्यांच्या ओसरीवर बिडी कंपनीपेक्षा माचिस कंपनीचा धंदा मोठा असावा.

बिडीविरुद्ध मात्र एक शब्द खपत नाही. कोणी डॉक्टरांचं नाव काढलं की गुरुजी मनोहरभाई पटेलांना पुढे करतात. बिडीच्या धंद्यातल्या या माणसाने 1958 साली गोंदिया शिक्षण संस्था काढली, म्हणजे जिल्ह्यातली किती पोरं बिडीमुळे शिकली याचा हिशेब मांडा, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा बिनतोड आहे. फक्त त्याने खोकला थांबत नाही. "पानाची आहे, सिगारेटसारखी कागदाची नव्हे," हा दुसरा मुद्दा तर सपशेल खोटा; बिडीच्या धुरातलं निकोटीन आणि टार सिगारेटपेक्षा कमी भरत नाही. पण हे त्यांना सांगायला आधी त्यांचं बोलणं संपावं लागतं.

गेल्या दिवाळीत दुबईहून आलेल्या पुतण्याने गुरुजींना सिगार आणून दिला. क्यूबाचा, ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात बंद. ओसरी भरली. गुरुजींनी तो कानाशी फिरवला. आवाज नाही. शिरा पाहिल्या. वास घेतला आणि पहिल्यांदाच गाव सांगता आलं नाही. सिगारचं बंद टोक कापावं लागतं, असं पुतण्या म्हणाला. आतून अडकित्ता आला, सुपारीसारखा कट् आवाज झाला. धूर तोंडातच घोळवायचा, गिळायचा नाही, ही सूचना पुतण्या देईपर्यंत गुरुजींनी बिडीच्या हिशेबाने छाती भरून घेतली होती. त्यानंतर बराच वेळ ओसरीवर फक्त पाण्याच्या तांब्याची ये-जा झाली.

सिगार विझेचना. गुरुजींनी छोटी लाइन सांगितली, जिल्हा वेगळा केला, आपल्या बदल्याही सगळ्या उरकल्या, तरी तो जळतोच आहे. गोष्टी संपल्या, श्रोते उठायला लागले. उरलेला अर्धा उद्यासाठी म्हणून त्यांनी विझवून कानावर ठेवला, तर तो घरंगळून धोतरात पडला.

मग गुरुजींच्या घरच्या बाहेर आल्या. लग्नाआधी बापाच्या घरी रोज हजार बिड्या बांधणारी ही बाई. सूप मांडीवर, फर्मा ठेवून पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड मोडायचं, दोरा, की पुढची. संध्याकाळी कारखान्यात माल दिला की तपासणारा हजारातून मूठ-दोन मूठ छाट म्हणून बाजूला काढायचा, तिची मजुरी नाही. त्यांनी सिगार उचलला, उलटासुलटा केला, दोरा शोधला.

"दोराच नाही. छाट," म्हणाल्या आणि तांब्या घेऊन आत गेल्या.

गुरुजींनी अपील केलं. 1966 चा कामगार कायदा बिडी आणि सिगार दोघांचा एकच होता, तेव्हा सिगारला इतकं हलकं लेखू नये, असं त्यांनी आत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. उत्तर आलं नाही. सिगारला टिकावाचे पंचवीसपैकी पंचवीस, पानाचे नऊ, तंबाखू, बांधणी आणि दोऱ्याचा शून्य. शंभरात एकूण चौतीस. एका मार्काने नापास.