हरी येई

कोलंबोजवळ देहिवळच्या आमच्या गल्लीत पाव विकायला बेथोवन येतो. वीस वर्षं झाली, तरी मिरजेला फोनवर हे सांगताना मला अजून गंमत वाटते. पाठीवर काचेचं कपाट घेतलेली रिक्षा, आत मगरीच्या आकाराचे, साखर भुरभुरलेले किंबुला बनीस आणि भोंग्यातून बेथोवनचंच, सर्दी झाल्यासारखं ‘फ्यूर एलिझे’. पोर्तुगीजांच्या एकाच शब्दाचा आपण पाव केला, सिंहलींनी पान. ती धून आली की बायका चहा उतरवून सुटे पैसे शोधू लागतात.

2022 साली बेथोवन यायचा थांबला. पेट्रोल नॅ. सिंहलीतला हा ‘नॅ’ आपल्या ‘नाय’चा सख्खा भाऊ, त्या वर्षी तो घरोघरी मुक्कामाला होता. गॅस नॅ, दुधाची पावडर नॅ, मार्चअखेरीस तर तेरा-तेरा तास लाइट नॅ. सरकारपाशी डॉलरच नॅ, हे मूळ दुखणं. रांगेत माणसं थकली की त्यांच्या जागी सिलिंडर उभे राहत, साखळीनं एकमेकांना बांधलेले, दर्शनबारीत पेंगणाऱ्या वारकऱ्यांसारखे. आमच्या सिलिंडरला मी निळी रिबीन बांधली होती. बालवाडीत सोडलेल्या पोराकडे बघावं, तशी जाता-येता त्याच्याकडे बघायचे.

घरमालकीण अक्का. आमच्या मिरजेकडेही अक्काच म्हणतात. ती मात्र मला ‘नंगी’ म्हणते, म्हणजे धाकटी बहीण. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आधी पदर सावरला होता. सगळ्यावर तिचं एकच औषध: “हरि ययि.” होईल ठीक, एवढाच अर्थ. माझ्या कानांना ते कायम ‘हरी येई’ असंच ऐकू येतं. येत तर कुणीच नव्हतं. तरी रोज पाचला अक्का रिकामी ताटली घेऊन फाटकाशी उभी राही. मला हसू येई. चौथ्या दिवसापासून मीही उभी राहू लागले. अर्थात, तिला सोबत म्हणून.

तिकडे कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर निदर्शक पोरांनी तंबूंचं गाव वसवलं होतं, वाचनालयासकट. 9 जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात शिरले आणि त्यांच्या तलावात डुंबले. मिरजेहून वहिनीचा फोन आला, “परत या हो वन्सं, काय ठेवलंय तिथं?”

“सिलिंडर रांगेत आहे,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. सकाळीच अक्का दारात. शुभ प्रसंगी करतात तो किरिबत, नारळाच्या दुधातला भात, शंकरपाळ्यासारखा कापून आणलेला. एकादशीला भात! उपास आहे म्हणायला मी तोंड उघडलं, तर तिच्या केसांना चुलीच्या धुराचा वास आणि कोपरापर्यंत राख. उघडलेल्या तोंडात घासच घातला. विठोबा मुळात कानडा. आणखी थोडं दक्षिणेला सरकायला त्याची हरकत नसावी.

13 तारखेला राष्ट्राध्यक्ष गोटाबाया मालदीवला गेले. मग पेट्रोलसाठी क्यूआर कोड आला, रिक्षाला आठवड्याला 5 लिटर मिळू लागलं. आणि एका संध्याकाळी, पाचला नव्हे, चांगलं साडेसहाला, कोपऱ्यावरून तीच सर्दट धून आली. अक्का धावताना ताटली घरातच विसरली. मगर बरीच रोडावली होती आणि भाव मात्र फुगला होता. एकच घेतली. अक्कानं ती मोडली, शेपटीकडची साखर जास्त लागलेली बाजू माझ्या तळहातावर ठेवली, आणि रिक्षावाल्याला उशीर केल्याबद्दल झापायला वळली.