खाऱ्या पाण्याचे जहागीरदार

दादर, माहीम, विलेपार्ले या टापूत, जिथून खराखुरा समुद्र फार तर अर्ध्या तासाच्या चालीवर असतो, तिथे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत स्वतःचा निराळा समुद्र बाळगणाऱ्या गृहस्थांचा एक वर्ग अलीकडे उदयास आला आहे. काचेच्या भांड्यात सोनेरी मासे सोडून त्यांना सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाद्य घालणारे जे सज्जन असतात, त्यांची गणना या वर्गात होत नाही. किंबहुना त्यांचा विषय निघाला, की खाऱ्या पाण्याचे हे जहागीरदार, इनामदाराने कुळाची विचारपूस करावी, तशा सौम्य अनुकंपेने हसतात. चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंदी-उंचीची त्यांची जहागीर सुमारे अडीचशे लिटर पाण्याची असते. (खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला आपल्या डोक्यावर केवढा समुद्र आहे, याची वार्ता नसते; ती तशीच नसावी, हे इमारतीच्या शांततेच्या दृष्टीने इष्ट.)

“अहो, समुद्र तो समोर असताना पिशवीतलं मीठ विकत आणून नवा समुद्र कशाला करायचा?” हा प्रश्न या घरातील गृहिणीने लग्नानंतर केव्हातरी एकदा विचारलेला असतो, आणि त्याचे उत्तर अद्याप पूर्ण झालेले नसते. शहराच्या गटारांशी ज्याचा नित्य व्यवहार आहे, ते किनाऱ्याचे पाणी या जहागिरीत वर्ज्य. आधी नळाच्या पाण्यातले सर्व क्षार यंत्राने काढून टाकायचे, मग तितक्याच निष्ठेने मोजून-मापून निराळे क्षार त्यात घालायचे, आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ वर स्थिरावले, की समुद्र झाला असे समजायचे. या उत्तराच्या ओघात १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात उघडलेले मत्स्यगृह, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांनी त्या विषयावर लिहिलेला ग्रंथ, आणि १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय, इतकी स्थानके लागतात. गृहिणी बहुधा लंडनलाच उतरून स्वयंपाकघरात जाते.

परंतु जहागीर म्हटली, की जमीन आली, आणि ही जमीन म्हणजे तळाची वाळू. जुहूची फुकटची वाळू चालत नाही; ती ॲरगोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, किलोच्या भावाने घेतलेलीच असावी लागते. मासे हे या राज्याचे केवळ दर्शनी मानकरी असून खरी रयत या वाळूत आणि सच्छिद्र खडकांत राहते. माशांच्या मलमूत्रातून आणि उरल्यासुरल्या खाद्यातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे अगणित सूक्ष्मजंतू वरच्या थरात अहोरात्र तैनात असतात; वाळू पुरेशी खोल असेल तर तळाशी, जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथे, दुसऱ्या जातीचे जंतू त्या नायट्रेटचा नायट्रोजन करून त्याला हवेत हद्दपार करतात. जी रयत डोळ्यांना दिसत नाही, अर्जविनंत्या करीत नाही आणि सारा मात्र बिनबोभाट भरते, तिच्यावर कोणाही राज्यकर्त्याचा जीव जडावा, यात नवल ते काय! मुलाच्या शाळेतील पालकसभेला एकदाही न फिरकलेले हे गृहस्थ नायट्राइटची ताजी खबर घेतल्यावाचून सकाळचा चहा घेत नाहीत.

अशा या जमिनीचा कस कालांतराने उतरतो. कणाकणांत गाळ साचतो, शुभ्र वाळू राखी होते, शेवाळाचे डाग पडतात, नायट्रेटचा आकडा चढू लागतो. आणि मग जहागीरदारांच्या मनात संपूर्ण वाळू बदलण्याची तजवीज आकार घेते. ती दोन पावसाळे नुसतीच विचाराधीन राहते, कारण या बाबतीत समव्यवसायी मंडळींत दोन पक्ष आहेत. जुन्या वाळूला हात लावाल तर खालचा काळा थर फुटून कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सर्व प्रजेचा निःपात करील, असे एका पक्षाचे म्हणणे; आणि हात न लावाल तर तेच सावकाश होईल, असे दुसऱ्याचे. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या दूरध्वनीवरील या खलबतांत गृहस्थांचा स्वर इतका गंभीर असतो, की घरी आलेल्या एखाद्या आतेबहिणीला कोणाचे तरी शस्त्रकर्म ठरते आहे असे वाटावे.

अखेर हुकूम सुटतो. राज्यात इतरत्र वाळूउपशाला सरकारी परवाना लागतो, रात्री-अपरात्री ट्रक पकडले जातात आणि पंचनामे होतात. इथे उपसा करणारा, परवाना देणारा आणि देखरेख ठेवणारा एकच. घरातल्या सर्व बादल्या आदल्या रात्रीच जप्त होतात. न्हाणीघर नव्या वाळूच्या ताब्यात जाते, आणि धुतलेले पाणी नितळ येईपर्यंत कुटुंबातील कोणालाही स्नान करण्याची मुभा नसते. मग पंप बंद करून, जाड नळी तोंडाशी धरून, जुनी वाळू पाण्यासकट बादलीत ओढली जाते. तीही सगळी नव्हे, एक तृतीयांश. बाकीचे दोन हप्ते काही आठवड्यांच्या अंतराने, कारण एकदम सर्व रयत उठवली तर अमोनिया आवरायला राज्यात कोणी उरायचे नाही. वाळूत बीळ करून राहणारा एक गोबी मासा बेघर होऊन खडकाआड जातो. विदूषक माशांच्या जोडीतली मादी मात्र (या जातीत सत्ता मादीची असते, आणि ती गेली तर नरच मादी होऊन गादीवर बसतो) धन्याच्या मनगटाचा चावा घेऊन आपला निषेध रीतसर नोंदवते. नवी वाळू प्लंबरकडच्या प्लास्टिकच्या पाइपातून हळूहळू थेट तळाशी सोडली जाते, आणि तिच्यावर जुन्या वाळूची एक वाटी पसरली जाते.

“म्हणजे विरजणच की!” गृहिणी म्हणते. एवढ्या वर्षांत या शास्त्रातील पहिली गोष्ट तिला समजलेली असते, परंतु ती इतक्या सोप्या शब्दांत समजावी, हे जहागीरदारांना मुळीच रुचत नाही.

एवढे जपूनही पाणी दुधाळ होते. दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. सकाळी परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरून, रंगांच्या तक्त्याशी ताडून, सर्वांना पंच म्हणून पाचारण केले जाते. पिवळा म्हणजे निर्धोक, हिरवट म्हणजे अमोनिया. गृहिणी फोडणी सोडून येते व पिवळा म्हणते. मुलगा दात घासता घासता हिरवट म्हणतो, आणि त्या एका शब्दापायी त्याची कॉलेजची हजेरी, गेल्या परीक्षेचे गुण आणि रात्रीची जागरणे यांची चौकशी नव्याने उघडली जाते.

यथावकाश पाणी निवळते. तिन्ही हप्ते पुरे होतात, नव्या वाळूवर तपकिरी शेवाळाची साय येते आणि जाते, आणि मग शुभ्र तळ पाहण्यासाठी पाहुण्यांना मुद्दाम बोलावणी धाडली जातात. पाहुणे येतात, काचेपुढे वाकतात, आणि २००३ सालच्या त्या चित्रपटातला नारिंगी मासा ओळखून खूश होतात. तळाकडे कोणी पाहत नाही. जहागीरदार एकदा खाकरतात, मग दिव्याचा झोत थोडा खाली करतात. शेवटी पुण्याहून आलेल्या एका भाच्याची नजर तिथे जाते.

“मामा, हल्ली तळाला वाळू घालतच नाहीत बरेच जण. नुसती काच ठेवतात. साफ करायला सोपं पडतं.”

चहाचे विचारायला मामी बाहेर येते, तेव्हा भाच्याला गाडी गाठायची असल्याचे मामांनी परस्पर जाहीर केलेले असते.