धार सोडून बोला

सोन्याची सुरी कुणी उरी मारून घेत नाही, असं आपले पूर्वज सांगून गेले. सुरी म्हटली की तिला धार असणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आज गुरुग्राममध्ये किंवा नोएडात पंधरा-वीस हजार रुपये मोजून घेतलेला परदेशी बनावटीचा घडीचा चाकू खुशाल उराशी धरून झोपावं. सदऱ्याचा धागासुद्धा उसवायचा नाही. मूठ टायटॅनियमची, बिजागरीत बेअरिंग, पातं उघडताना होणारा आवाज मैफलीत दाद घेईल असा आणि खोका तर मंगळसूत्र ठेवावं इतका नाजूक. फक्त टोमॅटोवर ठेवला की टोमॅटो चेपतो, आणि पार्सलची चिकटपट्टी कापायला घेतला की पट्टी ताणली जाते, गुंडाळते आणि शेवटी दातांनीच तोडावी लागते. कापणं हे चाकूचं एकमेव काम. ते सोडून बाकी सगळं ज्यात मिळतं, त्याला सध्या प्रीमियम म्हणतात. दोष कारखान्यावर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. पण या सदराचं म्हणणं वेगळं आहे: पोलिसांपासून कर खात्यापर्यंत आणि विक्रेत्यापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे चाकूचं सगळं मोजतात, धार तेवढी कुणीच मोजत नाही. न मोजलेल्या गोष्टीवर कुठलाही कारखानदार पैसा का घालवेल?

मोजमापाची हौस आपल्याला कमी नाही. दिल्ली प्रशासनाच्या 1980 च्या अधिसूचनेनं बटणाचे, गरारीचे आणि यांत्रिक कळीनं उघडमीट होणारे चाकू शस्त्र कायद्याच्या नियमनाखाली आणले. कुठले? तर ज्यांचं पातं 7.62 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि 1.72 सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद असेल ते. दशांशचिन्हापुढे दोन घरं! पातं धारदार असावं असंही तिथं लिहिलंय. किती धारदार, याला मात्र एकही घर नाही. चाकू सापडला की पोलीस कागदावर त्याचं रेखाचित्र काढतात, पात्याची आणि मुठीची मापं लिहितात, पुडकं बांधून त्यावर मोहोर उठवतात. राजधानीत चाकूकडे इतक्या आस्थेनं बघणारं दुसरं कुणी नसेल, पण त्यांच्या फूटपट्टीतही धारेची रेघ नाही. दिल्ली मेट्रोत न्यायला बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत 4 इंचांचा हिशेब, केंद्राच्या शस्त्र नियमांत 9 इंच लांबीचा आणि 2 इंच रुंदीचा. यमुना ओलांडून नोएडात शिरलं की दिल्लीची अधिसूचना मागं राहते, म्हणजे चाकूचा कायदेशीर स्वभाव पुलावर बदलतो. बोथटपणा तेवढा दोन्ही तीरांवर एकनिष्ठ. आणखी दोनेकशे किलोमीटर पुढे गेलं की रामपूर लागतं, चाकूमुळे देशभर नाव झालेलं. तिथल्या चौकात 2023 साली सुमारे 20 फुटी चाकू उभारला गेला. त्याच्या उंचीच्या बातम्या झाल्या, धार कशी आहे हे कुणी विचारलं नाही. स्मारकाला धार नसते, हे मान्यच. पण बाजारातल्या महाग चाकूंनी आदर्श म्हणून नेमकं तेच स्मारक समोर ठेवलेलं दिसतं: चमकायचं, फोटोत यायचं आणि कुणालाही इजा करायची नाही.

अर्थ खात्यानं तर चाकू आणि पेन्सिल यांचा एकत्रच विचार केला. 18 जुलै 2022 पासून चाकूंवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्क्यांवर गेला आणि त्याच फटक्यात पेन्सिलीला टोक काढायचं शार्पनरही 18 टक्क्यांत गेलं. पुढं शार्पनरची दया आली. 2023 मध्ये ते 12 टक्क्यांवर उतरलं आणि सप्टेंबर 2025 मध्ये करमुक्त झालं. हेतू काहीही असो, न्याय अचूक झाला, कारण शार्पनरमधलं चिमुकलं पातं पहिल्या दिवसापासून आपलं काम करतं. राहिला खोक्यावरचा मजकूर. वेष्टनाच्या नियमांप्रमाणे आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. उत्पादक स्वखुशीनं पोलादाचं नाव, रॉकवेल कठीणपणा आणि ग्रॅममध्ये वजन सांगतो. पात्याचा कोन किती अंशांचा आणि कापायला जोर किती लागतो, याबद्दल मौन. धार मोजताच येत नाही असंही नाही. जेवणाच्या आणि स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठी आयएसओ 8442-5 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. सिलिका मिसळलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर ठरावीक भारानं पातं पुढंमागं चालवायचं. पहिल्या काही फेऱ्यांत किती कापलं ही सुरुवातीची धार, शेवटपर्यंत एकूण किती कापलं हा तिचा टिकाऊपणा. म्हणजे गाजर चिरणाऱ्या सुरीची परीक्षा घ्यायची सोय आहे, आणि वीस हजारांचा चाकू मात्र तोंडी परीक्षेवर पास होतो.

आता ही धार बिघडते कुठं, ते पाहू. चांगल्या पात्याचं पोलाद हजार अंशांच्या वर तापवून झपाट्यानं थंड करतात आणि मग पुष्कळदा दोनेकशे अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. ही सगळी तपश्चर्या संगणकाच्या देखरेखीखाली, भट्टीत होते. धार मात्र अगदी शेवटी लागते, बहुतेक ठिकाणी एखादा कामगार ती फिरत्या पट्ट्यावर हातानं लावतो आणि पुढच्या पात्याकडे वळतो. पात्याची कड कागदाहून पातळ असते. पट्ट्यावर क्षणभर जास्त दाबली की ती भट्टीतल्या दोनशे अंशांच्या पुष्कळ वर जाते आणि तेवढ्यापुरतं पोलाद मऊ पडतं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, चांगल्या धारेचं टोक 1 मायक्रॉनहून बारीक. म्हणजे गिऱ्हाइकानं ज्या पोलादाच्या नावावर पैसे मोजले, ते सगळ्या पात्यात अस्सल असतं, फक्त जिथं कापायचं त्या केसभर जागेत ते जळालेलं असतं. त्यात कडेला चिकटून राहिलेली बारीक तार, जिला कारागीर बर म्हणतात, ती काढायची राहते. पहिल्या दिवशी तीच धार वाटते आणि चार खोकी कापली की दुमडते. एका बाजूचा कोन 17 अंश तर दुसऱ्या बाजूचा 23, हा सममितीचा प्रयोग वेगळाच. शिवाय कोन मुद्दाम बोजड ठेवण्यात व्यवहार आहे. कड बारीक ठेवली आणि टवका उडाला, तर गिऱ्हाईक हमीपत्र घेऊन दारात उभं राहतं. कड जाड ठेवली आणि चाकू कापेना, तर तेच गिऱ्हाईक आपल्याला वापरता येत नाही असं समजून गप्प बसतं. टवक्याचा खर्च कंपनीच्या वहीत चढतो, बोथटपणाचा चढत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, कारखान्यात एकेका पात्याला नीट धार लावणं परवडतच नाही. या आक्षेपाचं उत्तर दिल्लीभोवतीच्या राजधानी क्षेत्राच्या, म्हणजे एनसीआरच्या हद्दीतच आहे. राजस्थानातलं भिवाडी या क्षेत्रात मोडतं आणि जिलेटचा कारखाना तिथं बऱ्याच वर्षांपासून आहे. दाढीचं साधं पातं चहाच्या कपापेक्षा स्वस्त मिळतं, आणि ते गालावर फिरवताना ही धार कारखान्यातली आहे, जरा सांभाळून घ्या, असं कुणी म्हणत नाही. कारण उघड आहे. दाढीच्या पात्याचं माप दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर घेतलं जातं आणि नापास झालेलं पातं पुन्हा विकलं जात नाही. चाकू आणि पात्याची जातकुळी वेगळी, हे कबूल. चाकूला आडदांड कामंही करावी लागतात, ब्लेडइतकी नाजूक कड त्याला झेपणार नाही. पण स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी 1884 पासून चाकू करणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद 56 रॉकवेलच्या आसपासचं, म्हणजे शौकिनांच्या लेखी निव्वळ लोणी. तरी तो लाल चाकू खोक्यातून निघाल्यानिघाल्या सफरचंद चिरतो. आपल्या घरातल्या विळीच्या पात्याला तर पोलादाचं नावच नसतं, आणि नारळापासून मेथीपर्यंत ती कुणापुढं अडत नाही.

दुसरा आक्षेप पोलादाच्या भक्तांचा. ते म्हणतात, एम 390 किंवा एस 30 व्ही असलं पोलाद धार दीर्घकाळ टिकवतं, सुरुवातीचं काय घेऊन बसलात? नावं क्षेपणास्त्रांसारखी आहेत खरी. पण टिकवायला आधी काहीतरी असावं लागतं. रिकाम्या तिजोरीला कुलूप मजबूत आहे, हे सांगून सावकाराचं समाधान होत नाही. उलट हा कठीणपणाच गिऱ्हाइकाच्या मुळावर येतो. या पोलादातले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण नेहमीच्या निसण्यातल्या कणांहून कठीण असतात. गल्लीत सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याच्या दगडाला ते दाद देत नाहीत. म्हणजे हिऱ्याच्या कणांची पाटी वेगळी विकत घ्या, कोन धरून ठेवणारं यंत्र घ्या, मग दोन रविवार घाला. वीस हजारांच्या चाकूला पाच हजारांचं औषधपाणी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं मोत्यासाठी नाकच नवं घडवायचं.

तिसरा आक्षेप जास्त भारदस्त आहे आणि त्यात तथ्यही आहे. जाणकार आपली धार आपणच लावतो, मग कारखान्यानं ती लावली काय आणि न लावली काय? जपानी सुताराची पटाशी आणि रंध्याचं पातं घेणाऱ्यानं शेवटचा हात स्वतः फिरवायचा, ही जुनी रीत आहे. पण तिथं विकणारा ते सांगून विकतो आणि घेणारा कसबी असतो. इथं जाहिरातीत 'खोक्यातून थेट वापरा' आणि तक्रार केली की 'खरा शौकीन धार स्वतः लावतो'. लग्नाच्या पंगतीत कच्चे तांदूळ वाढून, खरा खवय्या भात स्वतः शिजवतो, असं म्हटलं तर वरपक्ष ऐकून घेईल काय? संग्राहकांसाठी आहे, कापण्यासाठी नाही, असंही काही जण म्हणतात. मग तसं खोक्यावर छापा आणि दागिन्यांच्या पेढीत ठेवा. राहिला सुरक्षेचा मुद्दा: दिल्लीसारख्या शहरात चाकू बोथट असलेलेच बरे. पण ज्याचा हेतू वाईट तो वीस हजारांच्या चाकूचा ग्राहक नसतो, आणि निसणा त्यालाही शे-दोनशे रुपयांत मिळतो. बोथट चाकूवर जोर जास्त द्यावा लागतो, जोर दिला की तो घसरतो आणि घसरला की बोटावर येतो. त्यातून सुरक्षित राहतो तो फक्त टोमॅटो.

दागिन्यांचा विषय निघालाच आहे, तर करोल बागेकडे वळू. विटा-खानापूर भागातून दिल्लीत येऊन गलाई करणारे आपले मराठी कारागीर कस लावल्याशिवाय सोन्याचा भाव बोलत नाहीत. बहादूर शाह जफर मार्गावरच्या मानक भवनात बसणाऱ्या भारतीय मानक ब्युरोनं जून 2021 पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचं केलं. आता हॉलमार्क झालेल्या प्रत्येक दागिन्यावर अक्षरं आणि अंक मिळून सहा चिन्हांची ओळख कोरलेली असते. सोन्याच्या भावाची सुरी विकणाऱ्याकडून एवढीच अपेक्षा आहे: पात्याचा कोन प्रत्येक बाजूला किती अंश, मानक चाचणीत सुरुवातीला किती कापलं आणि शेवटपर्यंत किती, या तीन ओळी खोक्यावर छापाव्यात. मंगळसूत्राच्या खोक्यात तेवढी जागा निघेल. तोवर वाचकांनी एक करावं. चाकू घ्यायला जाताना हे वर्तमानपत्र बरोबर न्यावं, दुकानातच हे पान एका हातात अधांतरी धरावं आणि दुसऱ्या हातानं वरून खाली चाकू फिरवावा. पान सरळ कापलं गेलं तर पैसे द्यावेत. फाटलं तर चाकू तिथंच ठेवावा आणि उरलेलं पान घेऊन घरी यावं.