सुलतानाची साखर

आमचा सुलतान मुधोळ जातीचा आहे, असं मी भालकीत भेटेल त्याला सांगत असे. मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासलेली, 2005 साली टपालाच्या तिकिटावर जाऊन बसलेली ती सडपातळ शिकारी जात. सुलतानाचं पोट जमिनीपासून चार बोटांवर, एक कान कायम झोपलेला, तरी मी म्हणायचो, "रूपावर जाऊ नका, रक्त बघा!" आता सकाळ-संध्याकाळ ते रक्त मलाच बघावं लागतं. कानाच्या कडेला सुई टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायचा, मग डब्यातलं खायला घालायचं आणि मानेजवळची कातडी चिमटीत धरून इन्सुलिन द्यायचं. बारा तासांनी पुन्हा तेच.

जन्मभर मराठी शिकवलं. व्याकरणाची शंका घेऊन दारात कुणी आलं नाही. कुत्र्याला मधुमेह झाला आणि मी गावाचा 'शुगरवाले सर' झालो. बसस्टँडवर लोक अडवून विचारतात, आणि मलाही अडायला फार आवडतं. लाल टोपणाची सिरिंज चाळीसच्या बाटलीला, नारिंगी शंभरच्या. अदलाबदल केलीत तर डोस अडीचपट तरी होईल, नाहीतर निम्म्याहून खाली जाईल. एवढं सांगून थांबावं ना! पण मी टोरांटोला जातो. 1921 साली बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन शोधलं. 1923 चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउडला मिळालं, बेस्टला नाही; बँटिंगनं आपल्यातला अर्धा वाटा त्याला दिला. "आणि कुत्र्यांना?" असं विचारून मी थांबतो. तेवढ्यात समोरच्याची हुमनाबादची बस लागते.

हे सगळं सुरू झालं येळवशीला. मार्गशीर्ष अमावस्येला बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिवकडची गावं ओस पडतात. सगळा जीव शेतात. कडब्याच्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, आणि त्यांच्यापुढे भज्जी. या भज्जीबद्दल मी निःपक्षपाती राहू शकत नाही. ओली तूर, ओला हरभरा, वाटाणा, शेतात सापडेल तो पाला, वांगी, गाजरं, हे सगळं आंबट ताकात कालवलेल्या बेसनात असं शिजतं की कोणती भाजी कुठे संपली ते कळू नये. वर बाजरीचे उंडे. मग मडक्यातली ज्वारीची आंबील, जी पिऊन माणूस तुरीच्या सावलीत आडवा होतो आणि त्याला वाटतं, बहमनी सुलतानांनी राजधानी कलबुर्ग्याहून बीदरला हलवली ती या जेवणासाठीच. इतिहासाला हे मान्य नसेल. इतिहासानं भज्जी खाल्लेली नाही. आमच्या आत्याच्या हातची तर विशेष. ती हिंग घालते की नाही यावर घरात दोन पक्ष आहेत आणि ती दोघांनाही हो म्हणते.

तर त्या दिवशी सुलतानाला प्रत्येकानं आपापल्या पत्रावळीतलं दिलं. खीर, तूप, शेंगदाण्याची चटणी, तळणीचं उरलंसुरलं. दुसऱ्या दिवशी तो पांडवांच्या दिशेनं पुढचे पाय पसरून, छाती भुईला टेकवून, मागची बाजू वर करून बसला. आत्यानं हात जोडले. "बघा, मुक्या जीवाला कळतंय!" बीदरच्या नंदीनगरातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कळलं की त्याला कळत नव्हतं, कळा येत होत्या. पोट असह्य दुखलं की कुत्री तशी बसतात. स्वादुपिंडाला सूज. त्यातून तो उठला, पण काही महिन्यांनी फाटकाच्या खांबाशी, त्याच्या ठरलेल्या जागी, मुंग्यांची रांग लागली.

आता तूप बंद, तेल बंद. कातडी काढलेलं, उकडलेलं चिकन आणि भात. आमच्या घरात अंडंही शिजत नाही, म्हणून अंगणात वेगळी चूल. "सर रिटायर झाल्यावर खायला लागले" ही बातमी गल्लीत मीच शेवटी ऐकली.

"एका कुत्र्यासाठी एवढं?" असं विचारणाऱ्यांची मला चीड येते. त्यांच्यासाठी माझ्याकडे उत्तरं तयार असतात, काही बरीच झोंबणारी. पण भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी फ्रिजच्या दारातली बाटली बघून विचारलं, "सर, हिला किती पैसे पडत्यात हो?" तेव्हा एकही सुचलं नाही. मावशींनाही साखर आहे. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, पण त्या रांगेत उभं राहिलं की चार घरची भांडी बुडतात. म्हणून त्या महिन्याची गोळी एक दिवसाआड घेऊन दोन महिने पुरवतात. हे त्यांनी काटकसरीच्या अभिमानानं सांगितलं. त्यांचा आकडा सुलतानापेक्षा वर निघाला. कुत्र्याची वेळ दहा मिनिटं टळली तर मी घर डोक्यावर घेतो, आणि ही बाई इतकी वर्षं आमच्याच मोरीत.

रांगेचा नंबर आता मी लावतो, कार्ड घेऊन त्या ऐनवेळी येतात. गोळी मात्र अजून चुकवतात, मी ओरडतो, त्या हसतात. आणि एक नवीनच झालंय. सुलतानाला माझ्याहून त्या चांगली सुई देतात. तो त्यांच्या हातून कुरकुरसुद्धा करत नाही. परवा बसस्टँडवर एकानं मला थांबवलं. मी घसा साफ करून टोरांटोच्या तयारीत होतो.

"सर," तो म्हणाला, "मावशी घरी किती वाजता भेटत्यात?"