भाडं बाणेरचं, मालक लंडनचा

"अहो, ऐकलंत का? आमच्या भाडेकरूने या महिन्यात साडेबारा हजार कापले!"

नलूवहिनींनी ही बातमी अशा आवाजात दिली, की समोरच्या सुमनकाकू झाडांना पाणी घालायचं सोडून थेट आमच्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. आमच्या नि वहिनींच्या बंगल्यांमधली भिंत कमरेएवढीच. कोपर टेकवायला अगदी बेताची.

"बाणेरच्या फ्लॅटचे चाळीस हजार ठरलेत. खात्यात आले २७,५२०. फोन केला, तर तो पोरगा म्हणतो, 'काकू, टीडीएस कापलाय.' मी म्हटलं, माझा कसला टीडीएस? मी काय कंपनी आहे?"

"तुमचा नाही वहिनी, तुमच्या मुलाचा, मंदारचा," मी म्हटलं. "१२,४८० कापलेत, म्हणजे ३१.२ टक्के. ३० टक्के कर नि त्यावर ४ टक्के उपकर. हिशेब चोख आहे पोराचा."

माझी सगळी नोकरी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात गेली. त्यामुळे गल्लीत कुणाला नोटीस आली की आधी माझ्याकडे येते, मग सीएकडे जाते.

"पण गेल्या वर्षीपर्यंत कधी नव्हतं हो कापलं!"

"गेल्या वर्षीपर्यंत त्याला मालक तुम्हीच वाटत होतात. करारावर कुलमुखत्यार म्हणून सही तुमची, किल्ली तुमच्याकडे, भाडं तुमच्या खात्यात. आता त्याच्या कंपनीने एचआरएसाठी घरमालकाचा पॅन मागितला असणार. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की मागतात. तुम्ही पॅन कुणाचा दिलात?"

"मंदारचा. फ्लॅट त्याच्याच नावावर आहे ना!"

"तिथेच बिंग फुटलं. पोराच्या सीएने विचारलं असेल, मालक राहतो कुठे? पोरगा म्हणाला असेल, लंडनला. संपलं. मालक अनिवासी, तर भाडं देणाऱ्यानेच कर कापून सरकारात भरायचा. तोही पहिल्या रुपयापासून. मालक तुम्ही असतात, तर महिन्याला ५०,००० च्या आतल्या भाड्यावर त्याला काहीच कापावं लागलं नसतं."

वहिनी घटकाभर गप्प. मग म्हणाल्या, "पण पैसे तर माझ्या खात्यात येतात. मग ते माझंच उत्पन्न ना?"

या गल्लीत हा प्रश्न मी किती घरांतून ऐकलाय! मुलगा परदेशी गेला, मागे फ्लॅट राहिला, भाडं आईच्या खात्यात लावून दिलं. सगळ्यांना वाटतं, आई ज्येष्ठ नागरिक, तिचं उत्पन्न बेताचं, कराचा प्रश्नच मिटला. पण कायद्याला खातं दिसत नाही, सातबारा आणि इंडेक्स टू दिसतो. घर ज्याचं, भाडं त्याचं. नुसतं भाडं दुसऱ्याच्या हाती दिलं म्हणून ते दुसऱ्याचं होत नाही.

"म्हणजे मंदारने मला पैसे द्यायचेच नाहीत की काय?" वहिनींचा आवाज जरा चढला.

"खुशाल द्यावेत. मुलाने आईला दिलेल्या पैशावर आईला दमडीचा कर नाही. पुढे तुम्ही त्याची ठेव केलीत, तर व्याज तुमचं. पण आधी भाडं त्याने स्वतःचं म्हणून विवरणपत्रात दाखवायचं, मग आईला द्यायचं. तेही त्याच्या एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या, खात्यात जमा होऊन. त्याचं ते नोकरीतलं जुनं बचत खातं अजून तसंच आहे का?"

"आहे की. चेकबुक माझ्या कपाटात आहे."

"परदेशी स्थायिक झाल्यावर तसं साधं खातं ठेवता येत नाही, एनआरओ करून घ्यायला लागतं. सांगा त्याला."

सुमनकाकूंना आता राहवेना. "आमच्या जावयाचं बरं आहे बाई. दुबईला असल्या भानगडीच नाहीत. पगारावर कर नाही, कशावर कर नाही. दोन खोल्या भाड्याने दिल्यात, पण कधी कटकट नाही!"

मी काही बोलले नाही. काकूंचा नंबर नंतर लावायचा ठरवला.

"पण ते कापलेले पैसे गेले का हो?" वहिनी मुद्द्यावर आल्या. "वर्षाचे दीड लाख होतात!"

"१,४९,७६०. आता बोटांवर मोजा. वर्षाचं भाडं ४,८०,०००. त्यातून महापालिकेचा मिळकतकर वजा. किती भरता?"

"वीस हजारांच्या आसपास. स्वतः राहत असतो तर चाळीस टक्के सवलत मिळाली असती. भाड्याने दिल्यावर तीही गेली."

"राहिले ४,६०,०००. त्यातले ३० टक्के दुरुस्तीबिरुस्तीसाठी म्हणून सरसकट वजा. एक खिळा ठोकला नसलात तरी. उरले ३,२२,०००. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. मंदारचं इथे दुसरं काही उत्पन्न नसेल, तर त्याचा कर शून्य!"

"शून्य? मग दीड लाख कापतात कशाला?"

"भाडेकरूने मालकाचं उत्पन्न मोजत बसायचं नसतं. तो ठरलेल्या दराने कापून मोकळा होतो. मंदारने जुलैअखेर विवरणपत्र भरायचं नि परतावा मागायचा. पण एक ध्यानात ठेवा, तुमच्या भाचीचा बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा सगळा कर माफ झाला ना, ती सवलत इथल्या रहिवाशांना. अनिवासीला ४ लाखांची पायरी, त्यावर लगेच कर सुरू. भाडं साठ हजार असतं तर थोडा का होईना भरावा लागला असता."

"म्हणजे आधी द्यायचे, मग मागायचे. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला!"

"मसाला खरा तर भाडेकरूला पडतो. त्या पोराला आधी टॅन नंबर काढायला लागला असेल. मग दर महिन्याची कपात पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची, तिमाहीला विवरणपत्र द्यायचं, मालकाला प्रमाणपत्र द्यायचं. विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. आणि कापलाच नाही, तर तो कर त्याच्याच अंगावर, वर महिन्याला एक टक्का व्याज. म्हणून तर काही एजंट अनिवासी मालक म्हटलं की हात झटकतात. तुमचा भाडेकरू गुणी आहे वहिनी, त्याच्यावर डाफरू नका."

"डाफरले मी सकाळीच," वहिनी पुटपुटल्या. "आता संध्याकाळी पुरणपोळी पाठवते."

"पोळीपेक्षा दाखला पाठवा. मंदारला आयकर खात्याकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, की माझा खरा कर इतकाच होतो, तेव्हा कमी दराने किंवा शून्य दराने कापू द्या. दाखला मिळाला की भाडेकरू त्या दराने कापेल. दरवर्षी नव्याने काढायचा, पण दीड लाख अडकून पडत नाहीत."

"आणि ते विवरणपत्र? दरवेळी ओटीपीचा गोंधळ असतो हो! त्याचं जुनं सिम माझ्याकडे, बटणाच्या फोनमध्ये घालून देवघराच्या कोनाड्यात ठेवलंय. तो तिकडून ओरडतो, 'आई, आला का?' मी चष्मा शोधतेय, कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या. आकडे वाचून सांगेस्तोवर वेळ संपलेली. मग पुन्हा पहिल्यापासून!"

"विवरणपत्रापुरता तरी त्यावर उपाय आहे. ओटीपी नसेल तर पोचपावती छापून सही करायची नि बंगळूरच्या केंद्राकडे टपालाने पाठवायची, ३० दिवसांच्या आत पोचेल अशी. लंडनहून पाठवली तरी चालते. आणि त्याचा पॅन चालू आहे ना, बघून घ्या. आधारशी जोडला नाही म्हणून १ जुलै २०२३ पासून ढीगभर पॅन बंद पडले. अनिवासींना जोडणीतून सूट आहे, पण खात्याच्या दप्तरी ते अनिवासी म्हणून लागलेले असले तर. पॅन बंद असला, तर परतावाही अडकतो."

सुमनकाकूंनी पुन्हा तोंड घातलं. "चला, म्हणजे इथला कर शून्य. तिथे तर काही प्रश्नच नाही. पैसे पुण्यातच राहतात."

"काकू, हेच मंदारही म्हणत असणार! इंग्लंडात राहणाऱ्याचं उत्पन्न जगात कुठलंही असो, तिथे दाखवायला लागतं. परदेशातले पैसे तिकडे आणले नाहीत तर कर नाही, अशी सोय पूर्वी काही लोकांना घेता यायची. ती ६ एप्रिल २०२५ पासून बंद. नव्याने तिथे गेलेल्यांना पहिली चार वर्षं माफी मागता येते, तीही त्याआधी सलग दहा वर्षं बाहेर राहिले असतील तर. मंदारला जाऊन चारहून जास्त वर्षं झाली."

"पण दोन देश एकाच भाड्यावर कर कसा घेतील?" वहिनी हटेनात. "करार आहे ना दोन देशांत? मंदारचे मित्र सांगत होते."

"आहे, १९९३ चा. त्याचा अर्थ एवढाच, की घर भारतात, तर पहिला हक्क भारताचा. मग इंग्लंड आपला कर लावतं नि इथे भरलेला कर त्यातून वजा देतं. आता तुमची गंमत ऐका. इथे खरा कर किती? शून्य. मग वजा किती? शून्य!"

"आणि ते कापलेले दीड लाख?"

"ते परत मिळणारे पैसे आहेत. ज्याचा परतावा मागता येतो, तो कर तिथे वजा मिळत नाही. मंदारने आळस करून इथे विवरणपत्र भरलं नाही, तर दीड लाख इथे गेले नि तिथला कर वेगळा. दोन्हीकडून मार."

वहिनींनी कपाळावर हात मारला. मी जरा हळू झाले, पण पूर्ण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

"तिथे आपले ते सरसकट ३० टक्केही चालत नाहीत. खरा खर्च दाखवायचा. मिळकतकर, सोसायटीचा मेंटेनन्स, एजंटची दलाली, गळती काढल्याची पावती. त्या कोनाड्यात सिमबरोबर पावत्याही ठेवा वहिनी, लंडनला त्यांचं मोल आहे. मुदत ३१ जानेवारी, ऑनलाइन. आणि लपून राहील असं समजू नका. २०१७ पासून भारतातल्या बँका परदेशी रहिवाशांच्या खात्यांची माहिती देतात, ती तिकडच्या करखात्यापर्यंत जाते. मग गोड भाषेत पत्र येतं, की आपल्या परदेशी उत्पन्नाबद्दल काही सांगायचं राहिलंय का?"

"त्यापेक्षा फ्लॅटच माझ्या नावावर करून घेते," वहिनी ठसक्यात म्हणाल्या. "बक्षीसपत्र दोनशे रुपयांत होतं म्हणे!"

"आईने मुलाला दिलं तर दोनशे. राहतं घर नवऱ्याला, बायकोला, मुलाला, मुलीला, नातवंडांना दिलं की महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. पण मुलाने आईला दिलं, तर बाजारभावाच्या ३ टक्के, वर स्थानिक अधिभार."

"अरे वा! आईने द्यावं ते स्वस्त नि मुलाने द्यावं ते महाग! कुणी केला हा कायदा?"

"आई झालेल्या कुणी केलेला दिसत नाही. तरी हिशेब मांडून बघा. फ्लॅट खरंच तुमचा झाला, तर भाडं खरंच तुमचं. बारा लाखांची सवलत तुम्हाला, भाडेकरूला टॅनची कटकट नाही, मंदारला लंडनला ते दाखवणं नाही. पण मग घर खरोखर तुमचं, कागदापुरतं नव्हे. पुढे परत त्याला द्यायचं तर मात्र दोनशेच. कर्ज बाकी असेल तर आधी बँकेला विचारायला हवं, आणि तिकडचा सल्लागार घर देण्यावर काय म्हणतो तेही."

वहिनी विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "आज रात्री फोन करते. आधी एनआरओ खातं, मग तो दाखला. बक्षीसपत्राचं गणपतीत येईल तेव्हा बोलू, तोंडावर. फोनवर म्हटलं तर सूनबाईंना वाटायचं, सासूबाई फ्लॅट घशात घालतायत."

सुमनकाकू मघापासून गप्प होत्या. हे त्यांच्या स्वभावात नाही. मी विचारलंच, "काकू, जावयाच्या त्या दोन खोल्यांचं भाडं कुठे येतं?"

"दुबईला एकच तर खोली आहे हो भाड्याची," काकू म्हणाल्या. "दुसरी औंधला. तिचं भाडं… माझ्या खात्यात. जावई म्हणाले, आई, तुम्हाला वरखर्चाला होईल."

"भाडेकरू टीडीएस कापतो?"

"त्याला कशाला सांगायचं मालक दुबईला असतात ते?"

"दुबईत कर नाही, औंधात आहे काकू. औंध भारतात येतं."

वहिनी पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. काकूंनी तिकडे दुर्लक्ष केलं नि माझ्याकडे जरा वाकून हळूच विचारलं, "पण मला एक सांगा. मुलाने आईला दिलेलं चालतं म्हणालात. जावयाने सासूला दिलेलं चालतं का? नातं धरतात का आमचं?"

"धरतात. मुलीचा नवरा म्हणजे आयकर कायद्याच्या लेखी तुमचा नातेवाईकच. त्याने दिलेल्या भेटीवर तुम्हाला कर नाही. मात्र आधी भाडं त्याच्या विवरणपत्रात, मग तुमच्या वरखर्चाला."

काकूंचा चेहरा खुलला. "म्हणजे कायद्याने का होईना, आहे आमचं नातं! लग्नात मानपानावरून किती बोलले होते ते. आजच कळवते मुलीला, म्हणावं सरकारनेसुद्धा मानलंय. आणि टीडीएसचंही सांगते. बाकीची चौकशी त्यांची त्यांनी करावी, चांगले शिकलेत."