संशयित

गाडीतलं कूलंट कमी व्हायला लागलं तेव्हा पहिला संशय माझ्यावर आला. "मागच्या वेळी भरलं होतंस ना? की नुसतंच बॉनेट उघडून बघितलंस?" बायकोने विचारलं. भरलं होतं. अगदी वरच्या रेघेपर्यंत. आठवड्यात ते खालच्या रेघेला टेकलं आणि गाडीखाली मात्र सगळं कोरडं ठणठणीत.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी त्यावर रुपयाएवढा ओला डाग! पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी डागावर बोट टेकवून ते जिभेकडे न्यायला घेतलं. "कूलंट गोड लागतं म्हणे." मी त्यांचा हात धरला, ते गोड असतं तसं विषारीही असतं. पण डागाला ना रंग, ना बुळबुळीतपणा. एसीचं पाणी निघालं ते.

काकांनी लगेच "मग वॉटर बॉडी गेली" असं जाहीर केलं. मेहुणा फोनवर म्हणाला, "हेड गॅस्केट! सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का? ऑइल दुधाळ झालंय का?" तेव्हापासून मी डिपस्टिक थर्मामीटरसारखी दिवसातून तीनदा काढून बघू लागलो. ऑइल काळंभोर. हीटर गळला तर पायाखालचं मॅटिंग ओलं होतं असं कळल्यावर डॅशबोर्डखाली डोकं घालून हुंगलं. वॉचमनने विचारलं, "साहेब, काही हरवलं का?"

शेवटी मेकॅनिक. त्याने गाडी गार होऊ दिली, झाकण काढून तिथे घड्याळवाला हातपंप बसवला, एक बारपर्यंत दाब चढवला आणि चहा मागवला. "गार गाडीत दाब नसतो, साहेब. तापली की चढतो, तेव्हा गळते. थेंब गरम इंजिनावरच वाळतो. खाली काय येणार?" चहा संपेपर्यंत काटा खाली सरकला आणि वरच्या होज पाइपच्या क्लिपपाशी एक हिरवा मणी उगवला. क्लिप बदलली. संपलं काम.

"पण एक कळेना," तो म्हणाला, "अशा जागी वाळलेल्या कूलंटची खपली धरते. बॉनेट उघडताच दिसते. इथे एवढं चकाचक कसं?"

दर रविवारी जुन्या बनियनने इंजिन पुसायचा माझा छंद बायकोला चांगलाच ठाऊक होता.

"पहिल्याच दिवशी म्हटलं होतं मी," ती म्हणाली.